'लोप' आला म्हणून लोपामुद्रा टाळायची का?

प्रश्न : आमची मुलगी तीन आठवड्यांची आहे. बारसं सव्वा महिन्यानं करायचं ठरलंय. जन्म भरणी नक्षत्राच्या चौथ्या चरणावरचा, म्हणून गुरुजींनी 'लो' हे अक्षर काढून दिलं. त्यावरून शोधता शोधता 'लोपामुद्रा' सापडलं आणि आम्हा दोघांना ते मनापासून आवडलं. सासूबाईंना मात्र पसंत नाही. लोप म्हणजे नाहीसं होणं, असलं नाव लेकीला कोण ठेवतं, असं त्या म्हणतात. नणंदबाईंनी मोबाइलवर पाहिलं, तर एका ठिकाणी अर्थ 'विदुषी', दुसरीकडे 'अगस्त्यांची पत्नी' आणि तिसरीकडे 'जिची ओळख पुसली गेली ती'. आत्या म्हणून बाळाच्या कानात नाव त्यांनाच सांगायचंय, आणि आता त्याच कचरताहेत. शाळेत आणि कागदपत्रांत नावाचे हाल होतील, ही यजमानांची धास्ती वेगळीच. दवाखान्यातून जन्माची नोंद गेली आहे, नाव मात्र अजून घातलेलं नाही. या नावाचा खरा अर्थ काय? ठेवावं का? ठेवलं तर लिहायचं कसं आणि हाक कशी मारायची?
– एक वाचक, अमरावती जिल्हा

उत्तर : नाव जरूर ठेवा. तुमच्या भागाला तर ते परकं मुळीच नाही, कारण महाभारताच्या कथेत लोपामुद्रा ही विदर्भाच्या राजाची लेक आहे. दमयंती, रुक्मिणी आणि अजाची राणी इंदुमती याही विदर्भाच्याच. त्यांची नावं आपण सहज ठेवतो, लोपामुद्रा तेवढी मागे राहिली. पण सासूबाईंची शंका उडवून लावू नका. मराठी कानाला 'लोप' खटकतो, हे खरं आहे, आणि त्यांच्या शंकेला नीट उत्तर देता येतं.

सुरुवात नावाच्या घडणीपासून करू. 'लोप' आणि 'मुद्रा' हे दोन शब्द सरळ जोडले तर 'लोपमुद्रा' होईल, 'लोपामुद्रा' नाही. मधला 'पा' दीर्घ आहे, आणि तो का दीर्घ आहे हे सांगता आल्याशिवाय 'लोप झालेली मुद्रा' हा अर्थ लावताच येत नाही. 'जिची ओळख पुसली गेली ती' हा अर्थ ज्यानं कुणी लिहिला, त्यानं हा 'पा' पाहिलेलाच नाही. जुन्या संस्कृत कोशकारांनी तो पाहिला होता. त्यांच्या एका व्युत्पत्तीनुसार हा शब्द 'लोपा' आणि 'आमुद्रा' यांचा बनला आहे. लोपा म्हणजे इतर स्त्रियांचा रूपाचा अभिमान लोपवणारी, आणि आमुद्रा म्हणजे घडवणाऱ्याच्या निर्मितीवर शिक्का उमटवणारी. दुसरी, लोकांत जास्त पसरलेली उपपत्ती महाभारतातल्या जन्मकथेवरून येते. अगस्त्यांनी निरनिराळ्या प्राण्यांचे सर्वांत सुंदर अवयव घेऊन ही मुलगी घडवली, त्यामुळे त्या त्या प्राण्याची सौंदर्याची मुद्रा तिच्यापुढे लोपली, असं ती सांगते. दोन्हींत लोपतं ते दुसऱ्यांचं काहीतरी. तिची स्वतःची ओळख पुसली जाते असं यांपैकी एकही व्युत्पत्ती म्हणत नाही.

या व्युत्पत्ती नावाच्या बऱ्याच नंतरच्या आहेत, हेही लक्षात असू द्या. नाव ऋग्वेदातलं आहे आणि तिथे ते फक्त विशेषनाम म्हणून येतं. महाभारतातही विदर्भराजाच्या ब्राह्मणांनी तिचं नाव लोपामुद्रा ठेवलं एवढंच सांगितलंय, का ठेवलं ते सांगितलेलं नाही. त्यामुळे कुणी अर्थ विचारला तर एका शब्दात ठोकून देऊ नका. 'विदुषी' हा नावाचा अर्थ नव्हे, ते तिचं वर्णन आहे. 'अगस्त्यांची पत्नी' हाही अर्थ नव्हे, ते नातं आहे. मोबाइलवरच्या नावांच्या याद्यांत हा गोंधळ सगळीकडे दिसतो. एखाद्या व्यक्तीचं वैशिष्ट्य उचलायचं आणि तेच नावाचा अर्थ म्हणून छापायचं.

आता सासूबाईंच्या 'लोपा'कडे वळू. मराठीत 'लोप पावणे' म्हणजे नष्ट होणे, ही छटा खरीच आहे. संस्कृत व्याकरणात मात्र या शब्दाची व्याख्या फार नेमकी केलेली आहे. पाणिनीचं सूत्र आहे, 'अदर्शनं लोपः'. लोप म्हणजे न दिसणं, नाश नव्हे. थोडं पुढे त्यानं आणखी एक सूत्र दिलं आहे, 'प्रत्ययलोपे प्रत्ययलक्षणम्'. प्रत्यय दिसेनासा झाला तरी त्याचं काम चालूच राहतं. संस्कृत शिकलेलं कुणी घरात असेल तर त्यांना एवढं सांगितलं तरी पुरे.

पण सासूबाईंना व्याकरणाच्या सूत्रापेक्षा पाठातलं नाव जास्त पटेल. ललितासहस्रनामात देवीचं एक नाव आहे 'लोपामुद्रार्चिता', म्हणजे लोपामुद्रेनं जिची पूजा केली ती. हे सहस्रनाम ब्रह्मांडपुराणात हयग्रीवांनी अगस्त्यांना सांगितलेलं आहे, आणि श्रीविद्येच्या, म्हणजे ललितादेवीच्या उपासनेच्या, परंपरेत 'हादिविद्या' म्हणून ओळखला जाणारा मंत्रप्रकार लोपामुद्रेच्या नावावर आहे. जे नाव देवीच्या हजार नावांत गुंफलेलं आहे आणि नवरात्रात घरोघरी म्हटलं जातं, ते अशुभ कसं म्हणायचं? सहस्रनामाची पोथी उघडून ती ओळ त्यांना दाखवा. 'लोपामुद्रार्चिता लीलाक्लृप्तब्रह्माण्डमण्डला' असा तो चरण आहे. त्यांना तो पाठ येत असेल तर हे नाव त्यांच्या तोंडून अनेकदा गेलेलंच असणार.

लोपामुद्रा कोण होती, हे बारशाआधी तुम्ही तिघींनी नीट माहीत करून घ्यावं, कारण नावाचं खरं मोल त्यात आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातलं 179 वं सूक्त सहा ऋचांचं आहे. परंपरेनं त्यातल्या पहिल्या दोन ऋचा लोपामुद्रेच्या, पुढच्या दोन अगस्त्यांच्या आणि शेवटच्या दोन त्यांच्या शिष्याच्या मानल्या आहेत. सूक्ताची सुरुवातच तिच्या बोलण्यानं होते : 'पूर्वीरहं शरदः शश्रमाणा', कित्येक वर्षं मी रात्रंदिवस श्रमते आहे. उगवणारी प्रत्येक पहाट म्हातारपण आणते आणि म्हातारपण शरीराची शोभा हरवतं, असं ती पुढे म्हणते. तपात बुडालेल्या नवऱ्याला ती संसाराची, सहवासाची आठवण करून देते. सूक्त पतिपत्नीच्या शरीरसुखाबद्दल उघड बोलतं. मुलगी मोठी झाल्यावर ते कधीतरी वाचणारच, तेव्हा तुम्हाला ते आधी ठाऊक असावं. आमच्या मते ते लपवण्यासारखं अजिबात नाही. एवढ्या जुन्या ग्रंथात एक बाई स्वतःचं म्हणणं स्वतःच्या तोंडानं मांडते, आणि सूक्ताच्या शेवटी अगस्त्यांनी दोन्ही मार्गांचं पोषण केलं, देवांकडून त्यांना खरे आशीर्वाद मिळाले, असं सांगितलं जातं. म्हणजे तिचं म्हणणं खरं ठरतं. ऋग्वेदातल्या ब्रह्मवादिनींची, म्हणजे मंत्र रचणाऱ्या स्त्रियांची, जी यादी 'बृहद्देवता' या जुन्या संस्कृत ग्रंथात आहे, तिच्यात घोषा, विश्ववारा, अपाला, रोमशा यांच्यासोबत लोपामुद्रेचंही नाव घेतलेलं आहे.

महाभारतातली कथा वनपर्वात, तीर्थयात्रेच्या भागात, लोमश ऋषी युधिष्ठिराला सांगतात. अगस्त्यांना आपले पितर एका खड्ड्यात उलटे लटकलेले दिसतात. वंश पुढे गेला नाही तर आमची सुटका नाही, असं ते म्हणतात. अगस्त्यांना योग्य अशी स्त्री सापडत नाही, म्हणून ते वर सांगितल्याप्रमाणे ही मुलगी घडवतात आणि अपत्यासाठी तप करणाऱ्या विदर्भराजाला देतात. ती वयात आल्यावर अगस्त्य तिला मागणी घालतात. राजाराणी धर्मसंकटात सापडतात. लेक एका तपस्व्याला द्यायची नाही, आणि नकार द्यावा तर शापाची भीती. तेव्हा लोपामुद्रा स्वतः पुढे होऊन सांगते की मला अगस्त्यांना द्या आणि स्वतःला वाचवा. लग्नानंतर अगस्त्यांच्या सांगण्यावरून ती राजवस्त्रं आणि दागिने उतरवून वल्कलं नेसते आणि दोघं गंगाद्वाराला, म्हणजे आजच्या हरिद्वाराला, तप करायला जातात.

कथेचा पुढचा भाग आमच्या मते सर्वांत सुरेख आहे. अगस्त्य तिच्याजवळ येऊ पाहतात तेव्हा ती अट घालते. माहेरी होती तशी शय्या हवी, वस्त्रं हवीत, दागिने हवेत. आणि हे सगळं तपश्चर्या खर्ची न घालता आणायचं. अगस्त्य धन मागायला तीन राजांकडे जातात. प्रत्येक राजा आपल्या राज्याचा जमाखर्च त्यांच्यापुढे ठेवतो, आणि तिन्ही ठिकाणी जितकी आवक तितकाच खर्च निघतो. यातून काही घेतलं तर प्रजेला त्रास होईल म्हणून अगस्त्य काहीच घेत नाहीत. मग इल्वल असुराकडून ते धन मिळवतात. वातापीची सुप्रसिद्ध कथा इथलीच. शेवटी अगस्त्य तिला विचारतात की हजार पुत्र हवेत, शंभर, दहा, की हजारांना पुरून उरेल असा एकच? ती एकच मागते. अनेक वाईटांपेक्षा एक विद्वान सज्जन बरा, असं कारणही देते. तो मुलगा दृढस्यू. लहानपणीच वडिलांसाठी समिधा वाहून आणायचा, म्हणून त्याला इध्मवाह हेही नाव मिळालं.

एवढं माहीत असलं की नणंदबाईंना कचरायचं कारण उरणार नाही. कुणी अर्थ विचारला तर दोन वाक्यं पाठ असू द्या : 'ऋग्वेदातल्या एका ऋषिकेचं नाव आहे, विदर्भाची राजकन्या आणि अगस्त्यांची पत्नी होती ती. ललितासहस्रनामातही हे नाव येतं.' बहुतेकांचं समाधान एवढ्यावर होतं. कुणी 'लोप'च धरून बसलं, तरच त्या दीर्घ 'पा'पर्यंत जा.

शास्त्राच्या अंगानंही कुणी आक्षेप घेईल, म्हणून तेही सांगून टाकतो. गृह्यसूत्रांत मुलींच्या नावात विषम संख्येनं अक्षरं असावीत असं म्हटलं आहे. लोपामुद्रेत चार आहेत. पण सरस्वती, अरुंधती, दमयंती, सत्यभामा यांतही चारच आहेत, आणि ही नावं पिढ्यान्‌पिढ्या ठेवली जात आहेत. मनुस्मृतीत मुलीचं नाव उच्चारायला सोपं, क्रूर नसलेलं, स्पष्ट अर्थाचं, मनोहर, मंगल, शेवटी दीर्घ स्वर असलेलं आणि आशीर्वाद सुचवणारं असावं असं सांगितलंय. यातली एक कसोटी लोपामुद्रा पार करत नाही, ती म्हणजे स्पष्ट अर्थाची. हा आक्षेप खरा आहे, मान्य करा. मात्र त्याच मनुस्मृतीत नक्षत्र, वृक्ष आणि नदी यांच्या नावाच्या मुलीशी लग्न करू नये असंही आहे. रोहिणी, तुळसा, गंगा, गोदावरी ही नावं ठेवताना आपल्याकडे कुणीही तो श्लोक मनावर घेतला नाही. समाजानं नावं ठेवताना नेहमी त्या नावामागची व्यक्ती पाहिली, नियम नंतर.

अक्षराचा प्रश्न तर तुमच्यासाठी आपोआप सुटला आहे. अवकहडा चक्रात, म्हणजे नक्षत्रावरून नावाचं अक्षर काढायच्या तक्त्यात, भरणीच्या चार चरणांची अक्षरं ली, लू, ले, लो अशी आहेत. चौथ्या चरणाला 'लो' येतं आणि रास मेष. म्हणजे नावरस नाव आणि व्यवहारातलं नाव एकच ठेवता येईल. 'लो'वरून इतर चांगली नावं फार थोडी आहेत, लोचना हे त्यांतलं त्यातल्या त्यात वापरातलं.

सासूबाईंना सामील करून घेण्याची जागा परंपरेतच आहे. शास्त्रानुसार नामकरणात चार नावं ठेवतात : देवतेचं, महिन्याचं, नक्षत्राचं आणि व्यवहारातलं. ताटात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीनं ती नावं लिहायची पद्धत तुमच्याकडे असेलच. देवतेचं नाव सासूबाईंनी निवडावं, आणि ते अगोदर विचारून ठेवावं, ऐन बारशात नको. त्यांना काही सुचत नसेल तर 'वरप्रदा' सुचवा. वर देणारी असा स्वच्छ मंगल अर्थ आहे, आणि जुन्या कोशांत ते लोपामुद्रेचंच दुसरं नाव म्हणून दिलं आहे. नणंदबाईंनी कानात सांगायचा सराव दोन दिवस आधी करावा. लो-पा-मुद्-रा, 'लो' आणि 'पा' पूर्ण लांबवून, मग 'मुद्' थोडक्यात आणि 'रा' मोकळा. घाईत 'लोपमुद्रा' होतं, आणि पहिल्याच वेळी घरच्यांच्या कानावर तसं पडलं की ते तसंच रुळतं.

घरात हाक मारायला आम्ही 'मुद्रा' सुचवू. बंगालकडे 'लोपा' चालतं, तिथे आणि ओडिशात हे नाव ठेवलेलं आढळतंही, पण मराठी घरात 'लोपा' म्हटलं की सासूबाईंना खटकणारा शब्दच रोज कानावर पडणार. मुद्रा म्हटलं की राजमुद्रा आठवते, चेहऱ्यावरची मुद्रा आठवते. छोटं आहे, स्पष्ट आहे, लहान मुलांनाही म्हणता येतं. आणखी एक बारीक गोष्ट. पुराणातल्या व्यक्तीबद्दल बोलताना आपण 'लोपामुद्रेनं, लोपामुद्रेला' म्हणतो, सीतेला म्हणतो तसं. स्वतःच्या लेकीबद्दल मात्र 'लोपामुद्राला' म्हटलेलंच बरं. शाळेच्या कागदांवर नावाचं रूप बदलत नाही आणि मूळ नाव नेमकं काय हा प्रश्न येत नाही.

आता लिहिण्याकडे. इथे एका चुकीला फार जपायला हवं. 'द्रा' टंकित करताना क्रम असतो द, मग हलन्त, मग र, मग काना. घाईत र आधी आणि द नंतर गेला की 'र्दा' उमटतं, आणि नाव 'लोपामुर्दा' होऊन बसतं. स्क्रीनवर ते पटकन लक्षात येत नाही, छापून आल्यावर मात्र अंगावर काटा येतो. जन्मदाखल्याचा अर्ज भराल तेव्हा नाव देवनागरीत कागदावर मोठ्या अक्षरात लिहून न्या आणि पडद्यावर टंकलेलं शेवटचं अक्षर बोट ठेवून वाचा. 'द'च्या पोटात खाली तिरकी रेघ हवी, डोक्यावर रफार नको. दुसरी नेहमीची चूक म्हणजे 'मू' दीर्घ होणं. मुद्रेतला 'मु' ऱ्हस्व.

इंग्रजी अक्षरांत एल, ओ, पी, ए, एम, यू, डी, आर, ए असं नऊ अक्षरी लिहा. दीर्घ 'पा' दाखवायला डबल ए घालावा असं वाटेल, पण ते टाळा. नऊ अक्षरी रूपच सगळीकडे रुळलेलं आहे, आणि एखाद्या कागदावर डबल ए, दुसऱ्यावर एकच, असं झालं की पुढे दुरुस्त्यांचं शुक्लकाष्ठ मागे लागतं. यात एक धोका आहे. इंग्रजीतलं एकच 'ए' पाहून यंत्र किंवा ऑपरेटर परत देवनागरी करताना 'लोपमुद्रा' करतो. आधार काढताना हे हमखास घडू शकतं, कारण तिथे मराठी नाव बहुधा इंग्रजीवरून आपोआप उमटतं. पावती हातात घ्यायच्या आधी मराठी ओळ वाचा, आणि चूक असेल तर तिथल्या तिथे सुधारून घ्या.

नोंदणीचं वेळापत्रक तुमच्या बाजूचं आहे. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हावी लागते आणि तुमची ती दवाखान्यातून झाली आहे. नाव त्यासोबत द्यावंच लागतं असं नाही. नोंद झाल्यापासून 12 महिन्यांच्या आत ते विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. तेव्हा घरात एकमत होईपर्यंत थांबा, पण एकदा घातलेलं नाव बदलणं किचकट आहे. लेखनातली चूक निबंधक सुधारू शकतो, अख्खं नाव बदलायचं झालं तर राजपत्रापर्यंत जावं लागतं. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट, मतदारयादी, वाहन परवाना यांसाठीचा मूळ पुरावा धरला जातो, म्हणून तो पहिल्याच झटक्यात बिनचूक असायला हवा.

आणि महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम ठरला आहे. पूर्ण नाव चार पदांचं होणार. लोपामुद्रा हे पहिलं पदच चार अक्षरांचं, त्यामुळे बाकीची नावं लांब असतील तर फॉर्मच्या चौकटींत ती मावतात का, एकदा लिहून बघा. फॉर्मवर जागा पुरली नाही की कुणीतरी मनानं काटछाट करतं. नावापुढे 'कुमारी' वगैरे जोडू नका, टोपणनाव 'मुद्रा' दाखल्यात कंसात घालू नका. ते वेगळं नाव समजलं जातं.

यानंतरही नाव पारखायचंच असेल तर स्वतः पारखा. यादीतला अर्थ बाजूला ठेवा, वामन शिवराम आपट्यांचा संस्कृत कोश उघडा आणि 'लोपामुद्रा' हा शब्द काढा. तिथे विदर्भाची राजकन्या आणि अगस्त्यांची पत्नी अशी नोंद मिळेल. व्यक्तीची हकिकत सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांच्या प्राचीन चरित्रकोशात पाहा. मग नाव जिथे आलं आहे ती मूळ ऋचा किंवा श्लोक भाषांतरासह वाचा आणि त्या व्यक्तीचं पुढे काय झालं ते बघा. सगळ्यात शेवटी नाव तीनदा मोठ्यानं उच्चारा, तुमच्या आडनावासकट. कोशातही नाही आणि ग्रंथातही नाही अशी नावं हल्ली पुष्कळ फिरतात, विशेषतः मागे 'अंश' चिकटवून बनवलेली. त्यांचे छापील अर्थ पाहणाऱ्याला खरे वाटतात, पण शोधायला गेलं की शब्दच सापडत नाही. लोपामुद्रा शोधली तर दोन्ही ठिकाणी सापडते.

एवढं करूनही घरात कुणाच्या मनातून 'लोप' गेला नाही, तर ऋषिकांच्याच यादीत पर्याय आहेत. विश्ववारा, ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलातल्या 28 व्या सूक्ताची ऋषिका, अत्रिकुळातली. अर्थ सरळ आहे, हवंहवंसं सगळं जिच्यापाशी आहे ती. शश्वती म्हणजे सतत राहणारी. सूर्या ही लग्नाच्या सूक्ताची ऋषिका, उच्चाराला सोपी. घोषा दोनच अक्षरांची आणि खणखणीत. अपालेबद्दल मात्र आधी विचार करा. नावाची फोड 'जिला रक्षक नाही' अशी होते, आणि कथेत तिला त्वचेचा विकार आहे. इंद्र तिला त्यातून बरं करतो खरा, पण सासूबाई ती कथा ऐकून 'लोपामुद्राच बरी' म्हणतील. यांतलं कोणतंही घेतलं तरी 'लो' हे अक्षर जुळणार नाही. मग नक्षत्राचं नाव म्हणून लोपामुद्रा तांदळात लिहा आणि व्यवहाराला दुसरं घ्या. बारसं सव्वा महिन्यालाच होऊ द्या. दाखल्यावरची रिकामी जागा मात्र नणंदबाई आणि सासूबाई दोघींनी होकार दिल्यावरच भरा, त्यासाठी तुमच्याजवळ जवळपास वर्ष आहे.